अर्धे सूत

कृष्णात शेडगे यांनी छत्तीस वर्षे लोकांच्या जमिनी मोजल्या आणि त्या छत्तीस वर्षांत एकच तत्त्व कमावले. नकाशा आणि जमीन यांत तफावत आढळली, तर चूक जमिनीची असते. बांध सरकतो, ओढा पात्र बदलतो, सख्खा भाऊ दरसाल नांगराचे एकेक तास पलीकडे सारतो. कागद मात्र कपाटात जेथे ठेवला तेथेच असतो. या तत्त्वावर त्यांनी कोरेगाव तालुक्यात कित्येक भांडणे मिटवली, आणि जी मिटली नाहीत त्यांत फेरमोजणी करून पहिल्या मोजणीचाच आकडा पुन्हा काढून दाखवला. असा मनुष्य निवृत्तीनंतर मोटारीच्या गिअरबॉक्सच्या नादी लागला, तर त्यात मोटारीचे कल्याणच होईल, अशी अपेक्षा कोणीही बाळगील. खुद्द कृष्णातरावांनीही ती बाळगली होती.

मोटार त्यांची नव्हती, हे आरंभीच सांगितले पाहिजे. पुढचा सारा अनर्थ त्यातूनच उद्भवला. ती त्यांचे सासरे नानासो जगदाळे यांची. एकसष्ट सालची, विलायती, दोन माणसांची, कापडी छपराची, बाटलीच्या काचेसारखी हिरवीगार. कोयनेच्या धरणावर आलेला एक परदेशी इंजिनिअर मायदेशी परतताना ती धरणाच्या वर्कशॉपमधल्या तरण्या फोरमनला, म्हणजे नानासोंना, देऊन गेला. सासूबाई गेल्यावर नानासो साताऱ्याला मुलीकडे राहावयास आले, ते एक ट्रंक, एक ट्रान्झिस्टर आणि ही गाडी घेऊन. जावई हा दहावा ग्रह असतो असे शास्त्र सांगते. शेडग्यांच्या घरात मात्र ते स्थान सासऱ्याने पटकावले होते, आणि एक्याण्णवाव्या वर्षीही तो ग्रह वक्री होता.

गाडीची किल्ली नानासोंच्या करगोट्याला बांधलेली असे. ती त्यांनी स्नानालाही सोडली नाही आणि मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेलाही सोडली नाही. लग्नाला सदतीस वर्षे झाली, दोन मुलांची लग्ने झाली, कृष्णातरावांच्या स्वतःच्या हाताखालून तीन मोटारी गेल्या. पण ती किल्ली एकदाही त्यांच्या तळहातावर आली नाही. मागितली तर मागणाऱ्याचा मान जातो आणि न मागता मिळत नाही, अशा पेचात ते सदतीस वर्षे उभे होते. प्रियदर्शनीबाईंना, म्हणजे त्यांच्या पत्नीला, हा पेच ठाऊक होता. त्यांचे म्हणणे असे की, दोन म्हातारे एका किल्लीवरून रुसून बसतात आणि भाकरी मात्र एकाच तव्यावरची खातात.

नानासोंची एकच इच्छा उरली होती. त्याच गाडीतून एकदा कोयनानगरला जायचे, वसाहतीतले आपले जुने घर पाहायचे आणि परत यायचे. डोळे अधू झाल्यामुळे चालवणार दुसरा कोणीतरी, हे उघड होते. तो कोण, हे नानासो बोलत नसत. परंतु गाडीचा दुसरा गिअर टिकत नव्हता. चढावर टाकला की खट्कन आवाज करून आपण होऊन बाहेर येई. सहा वर्षांपूर्वी पाटणच्या पुढे तो असाच सुटला आणि गाडी मागे घरंगळू लागली, तेव्हा प्रियदर्शनीबाईंनी खाली उडी मारून चाकामागे दगड दिला होता. त्या दिवशी त्यांनी शपथ वाहिली की, माहेरी जायचे तर यष्टीने, नाहीतर जायचेच नाही.

गाडीला हात लावू देण्यास नानासो तयार नव्हते. "मूळ म्हंजे मूळ," एवढेच ते म्हणत. "सायबानं दिली तशी हाय, तशीच ऱ्हाईल." शिवाय गाडीच्या नोंदणीची मुदत पुढल्या महिन्याअखेर संपत होती, आणि नवी नोंदणी जुन्या वारसा-गाड्यांच्या नव्या नियमाखाली करून घ्यायची होती. म्हणजे कोयनेला जायचे असेल तर ते याच उन्हाळ्यात, नाहीतर बहुधा कधीच नाही. कृष्णातरावांनी विचार केला आणि ठरवले की, दुसरा गिअर दुरुस्त होत नसेल तर सगळा गिअरबॉक्सच बदलावा, सासऱ्यांना कळू देऊ नये, आणि गाडी घाट चढू लागली की किल्ली आपोआप मिळेल. गिअरबॉक्स काढण्यास किल्ली लागत नाही, हा शोध त्यांना या चिंतनात लागला आणि त्याचा त्यांना फार आनंद झाला.

फाल्गुनात नानासो महिनाभर कोरेगावला धाकट्या बहिणीकडे, आक्काताईंकडे, राहावयास जात. ते पायरी उतरले आणि शेजारचे धोंडीबा कुंपणावरून आत आले. धोंडीबा मूळचे माणदेशातले, एस. टी.तून निवृत्त झालेले चालक. आजा मेंढरांमागे जेवढा चालला असेल त्याच्या दसपट आपण गाडी हाकली, असा त्यांचा हिशेब होता. त्यांचे मत पडले की, दुसरा गिअर सुटतो यात गिअरचा दोष नसून हात हलका आहे. मग त्यांनी डबल क्लचवर एक व्याख्यान दिले, त्यात खंबाटकीचा जुना घाट तीन वेळा चढून उतरून झाला, आणि शेवटी जाता जाता कामाची गोष्ट सांगितली. तासगावला त्यांच्या ओळखीच्या एका बागायतदाराच्या बेदाण्याच्या शेडवर एक मोडकी देशी मोटार पडली आहे. तिचे इंजिन अलीकडचे आणि गिअर पाच. हिरव्या गाडीच्या इंजिनाचे आणि त्या मोटारीच्या जुन्या पिढीचे घराणे एकच. तेव्हा आतेभावाला मामेभावाची बंडी बसायला हरकत नसावी.

कृष्णातराव तासगावला गेले. गिअरबॉक्स शेडवर होता खरा, पण बेदाण्यावर घातलेली हिरवी जाळी वाऱ्याने उडू नये म्हणून तिच्या कोपऱ्यावर वजनाला ठेवलेला. तो उचलल्यावर जाळी उडाली; ती धरण्यासाठी मालकासह चौघे धावले, आणि त्या धावपळीत किती बेदाणा मातीत गेला याची चर्चा चहा संपेपर्यंत चालली. घरी आणून त्यातले जुने तेल सोडले, तेव्हा तेलाबरोबर अकरा बेदाणे बाहेर आले. कृष्णातरावांनी त्यांची नोंद वहीत केली. प्रियदर्शनीबाई म्हणाल्या, "एवढं करताच आहात तर वेलदोडा पण टाका आत."

जुना गिअरबॉक्स धोंडीबांच्या मदतीने साखळीने खाली उतरवला गेला. कृष्णातरावांनी तो रॉकेलने धुतला, वडिलांच्या धुतलेल्या धोतरात गुंडाळला, वर "मूळ, १९६१" अशी चिठ्ठी बांधली आणि माळ्यावर ठेवला. गाडीच्या माहितीपुस्तकात सांगितलेल्या जागी त्यावर क्रमांक सापडला नाही. तेथे कोणीतरी कानस फिरवल्यासारखे दिसत होते. काळ धातूवरही कानस फिरवतो, असा एक सुंदर विचार त्यांच्या मनात आला आणि त्या सौंदर्याच्या भरात मूळ शंका हरवली.

आता जुन्या इंजिनाची पाठ आणि नव्या गिअरबॉक्सचे तोंड यांच्यामध्ये बसणारी एक जाड लोखंडी चकती करून घ्यायची होती. गाडीचे इंग्रजी पुस्तक नानासोंच्या ट्रंकेत होते. त्यात प्रत्येक माप छापलेले होते. कृष्णातरावांनी त्यावरून पूर्ण आकाराचा नकाशा काढला. शाईने काढला, समास सोडला, खाली सही केली, आणि हाताला छत्तीस वर्षांची सवय असल्यामुळे वरच्या कोपऱ्यात उत्तर दिशेचा बाणही काढला.

सांगलीला औद्योगिक वसाहतीत राजरत्न कांबळे यांची लेथची खोली होती. मनुष्य पन्नाशीचा, कमी बोलणारा. बापाने साखर कारखान्याच्या वर्कशॉपमध्ये शिकलेला हात मुलाच्या हातात उतरलेला. त्यांनी नकाशा दिव्याखाली धरला, बराच वेळ पाहिला आणि विचारले, "सायेब, ह्यो बाण कशाचा?"

"उत्तर दिशेचा."

"आणि गाडी वळल्यावर वो?"

कृष्णातरावांनी त्यांना खालची सही दाखवली. राजरत्न म्हणाले की, नकाशा देखणा आहे, भिंतीला लावण्यासारखा आहे. पण आपण कागदावरून कापत नाही, इंजिन आणा, त्याला माप लावतो आणि मग करतो. कृष्णातरावांनी त्यांना समजावले की, हे पुस्तक खुद्द बनवणाऱ्यांनी छापलेले आहे. ज्याने इंजिन जन्माला घातले त्याच्यापेक्षा कॅलिपर अधिक जाणते असे मानणे हा उद्धटपणा होईल. हा वाद सुमारे तासभर चालला, म्हणजे कृष्णातराव तासभर बोलले. शेवटी राजरत्न म्हणाले, "करतो. तुमी म्हनताय तर करतो. लोखंड माजं न्हाई, तुमचंच हाय."

चकती चार दिवसांत झाली आणि आरशासारखी झाली. साताऱ्यात ती बसवली. बोल्ट हाताने फिरले, पान्याने फिरले, आणि शेवटचा पीळ देताच इंजिन जागच्या जागी गच्च झाले. पुढून हँडल मारले तरी हलेना. बोल्ट ढिले केले की इंजिन फिरे, आवळले की जाम. गिअरबॉक्सचा दांडा इंजिनाच्या पोटात कोठेतरी टेकत होता. धोंडीबांनी गाडीखालून बोटाने अंदाज घेऊन सांगितले, "अर्धं सूत. फकस्त अर्धं सूत आत जातंय बघा."

इंचाचा आठवा भाग म्हणजे सूत. सुतार, गवंडी आणि धोंडीबा आजही त्यात मोजतात. अर्धे सूत म्हणजे जाड पोस्टकार्डे पाचसहा एकावर एक ठेवावीत एवढे अंतर. जमिनीच्या मोजणीत एवढ्या अंतराला कोणी अंतरही म्हणणार नाही. परंतु दोन भावांमध्ये एवढ्यावरून तीन पिढ्या दावा चालल्याचे कृष्णातरावांनी पाहिले होते, म्हणून त्यांनी ते हसण्यावारी नेले नाही. ते चकती घेऊन पहिल्या गाडीने सांगलीला गेले आणि राजरत्नांना म्हणाले की, तुमच्या कामात अर्ध्या सुताची चूक आहे.

राजरत्नांनी चकती पुसली, नकाशा पुढ्यात ठेवला, आठ ठिकाणी माप घेतले आणि कॅलिपरच कृष्णातरावांच्या हातात दिले. माप नकाशाशी तंतोतंत जुळत होते. प्रामाणिक मनुष्याने येथे थांबायला हवे होते. कृष्णातराव प्रामाणिक होते, पण मोजणीदारही होते. त्यांनी फेरमोजणीचा हुकूम केला. त्याच नकाशावरून दुसरी चकती करावी, अधिक काळजीने. राजरत्नांनी त्यांच्याकडे एकवार पाहिले आणि केली. दोन्ही चकत्या एकावर एक ठेवल्या तर एकच वाटाव्यात अशी ती झाली, आणि साताऱ्याला येऊन तिने इंजिन तेवढेच गच्च केले.

इकडे कोरेगावहून रोज सकाळी नानासोंचा फोन येई. गाडी पुसली का, उंदीर तर शिरला नाही ना, छपराला ऊन लागते का, एवढे तीन प्रश्न. प्रियदर्शनीबाई उत्तर देत की, गाडी हाय तिथंच हाय; आणि ते खरेच होते, कारण पोटात गिअरबॉक्स नसलेली गाडी दुसरीकडे जाणार तरी कोठे. एकदा नानासोंनी, आक्काताईकडे मन रमत नाही, आठ दिवस आधीच येतो, असे सांगितले. त्या दिवशी कृष्णातरावांना जेवण गेले नाही. आक्काताईंना फोन करून भावाला पुरणपोळीच्या आशेवर ठेवण्याची विनंती प्रियदर्शनीबाईंनी केली. "बापाशी खोटं बोलायला लावलंत," त्या फोन ठेवून म्हणाल्या. "ते पण गिअरसाठी."

अखेर हार पत्करून कृष्णातरावांनी इंजिनच उतरवले आणि टेम्पोत घालून सांगलीला नेले. राजरत्नांनी त्याची पाठ पुसली. इंजिनाच्या पाठीवर एक पातळ लोखंडी पाटी असते, तिच्यावर सारे बसते. राजरत्नांनी तिच्यावरून अंगठ्याचे नख फिरवले, मग कॅलिपर लावले, मग पुस्तक मागून घेतले.

"पुस्तकापरमानं ही पाटी आनखी अर्धं सूत जाड पायजे," ते म्हणाले. "आन् ही बघा रेघ. लेथच्या पानाची रेघ हाय ही. ही पाटी आधी कुनीतरी लेथवर घेटल्याली हाय, सायेब."

"अशक्य," कृष्णातराव म्हणाले. "या गाडीला माझ्या सासऱ्यांनी साठ वर्षांत कोणाचा हात लागू दिलेला नाही. मूळ आहे ती. पाटी झिजली असेल."

"झिजल्यालं वाकडं झिजतं. ही नितळ हाय."

कृष्णातरावांनी धातूच्या झिजेवर काही सिद्धान्त मांडले. राजरत्नांनी ते मान हलवून ऐकले आणि तिसरी चकती केली, ती कागदाकडे न बघता. ती आधीच्या दोन्हींपेक्षा अर्धे सूत जाड होती. ती बसली. इंजिन फिरले, क्लच सुटला, पाचही गिअर लोण्यातून सुरी जावी तसे पडले. कृष्णातरावांनी कृतज्ञतेने नकाशाची एक प्रत त्यांना भेट दिली. राजरत्नांनी ती खरेच भिंतीवर लावली. बाण खाली करून.

एवढ्यावर थांबते तरी हकिकत सुखान्त होती. पण नोंदणीचा अर्ज भरायचा होता, आणि अर्ज हा कृष्णातरावांच्या जिव्हाळ्याचा विषय. अर्जात गाडीचा सांगाडा आणि इंजिन यांची माहिती विचारली होती. गिअरबॉक्सबद्दल एक अक्षर नव्हते. कृष्णातरावांना ही त्रुटी खटकली. त्यांनी "मूळ या संज्ञेची व्याप्ती" या शीर्षकाचे दोन पानी टिपण स्वतःहून जोडले आणि त्यात गिअरबॉक्स बदलल्याचे कारणांसह नमूद केले. नोंदणी कार्यालयातल्या अंकितामॅडमनी ते उभ्यानेच वाचले.

"काका, गिअरबॉक्सचा रकानाच नाही यात," त्या म्हणाल्या.

कृष्णातरावांनी त्यांना सांगितले की, रकाना नाही म्हणून वस्तुस्थिती नाहीशी होत नाही.

"होत नाही हो. पण आता कागद आलाय म्हणजे मला तो वर पाठवावा लागणार. कशाला जोडलात?"

कागद वर गेला आणि शेरा घेऊन खाली आला. पूर्वी गाडीस मूळ गिअरबॉक्स होता व तो अमुक दिनांकास बदलण्यात आला, असे मूळ मालकाचे स्वाक्षरीनिशी प्रतिज्ञापत्र सादर करावे. मूळ मालक कोरेगावला पुरणपोळी खात होता. ज्याच्यापासून सारे लपवायचे होते, त्याचीच सही त्या लपवलेल्या गोष्टीवर हवी होती, आणि ही व्यवस्था कृष्णातरावांनी स्वतः, आपल्या सुवाच्य अक्षरात करून ठेवली होती. धोंडीबा म्हणाले, "छत्तीस वर्सं लोकांचं बांध मोजलं, आन् स्वतःच्या पायाखाली चर मारला गड्या."

नानासो दुसऱ्याच दिवशी परतले. त्यांचा नेम असा होता की, रोज सकाळी गाडीत दहा मिनिटे बसायचे. सुरू करायची नाही. नुसते चाकावर हात ठेवायचे, क्लच दाबायचा आणि चारही गिअर एकेकदा फिरवायचे. कृष्णातरावांनी नव्या दांड्यावर जुनाच गोळा बसवला होता. त्यावर चार गिअरांची पांढरी खूण कोरलेली, आणि पाचव्याचा मागमूस नव्हता. ते खिडकीच्या पडद्याआड उभे राहिले. नानासो बसले. हात पुढे गेला, मागे आला, पुढे गेला, मागे आला. मग जरा थांबला. मग उजवीकडे सरकला. 

ते उतरून ओट्यावर आले तेव्हा त्यांच्या तळहातावर एक बेदाणा होता.

"पावणं," ते म्हणाले, "गाडीत बेदाणा कुठला?"

कृष्णातरावांनी मुंग्यांविषयी काहीतरी सांगितले. नानासोंनी बेदाणा धोतराला पुसला, तोंडात टाकला, बारकाईने चावला आणि म्हणाले, "तासगावचा हाय." आणि चहा मागितला.

यानंतरचे पाच दिवस कृष्णातरावांनी कसे काढले हे त्यांनाच ठाऊक. नानासो काही विचारीत नसत. रोज गाडीत बसत, रोज हात उजवीकडे सरके, रोज ते चहा मागत. प्रतिज्ञापत्र टंकलिखित होऊन उशीखाली पडले होते. सहाव्या दिवशी मुदत संपायला दोनच दिवस उरले, तेव्हा प्रियदर्शनीबाईंनी तो कागद उशीखालून काढला, बापापुढे ठेवला, चष्मा दिला आणि नवऱ्याला सांगितले की, आता पळालात तर माझ्याशी गाठ आहे.

नानासोंनी कागद भिंगाने ओळ न् ओळ वाचला. कृष्णातराव उभे होते. बसायला कोणी सांगितले नव्हते आणि आपण होऊन बसण्याचे धाडस त्यांच्यात उरले नव्हते. किल्लीचा विषय संपला, हे त्यांनी मनाशी मान्य केले होते. आता घरातला शब्द तरी उरावा, एवढेच त्यांना वाटत होते.

"ह्याच्यावर मी सही करनार न्हाई," नानासो म्हणाले.

"मामा, चूक माझी आहे. मी तुम्हाला विचारायला हवं होतं—"

"त्ये न्हाई. कागद खोटा हाय." त्यांनी भिंग एका शब्दावर ठेवले. "हितं लिवलंय, मूळ गिअरबॉक्स होता. कवा होता? सायबाचा डबा चौऱ्याहत्तर सालीच फुटला. कुंभार्लीच्या चढाला."

प्रियदर्शनीबाईंनी हातातली कपबशी खाली ठेवली.

मग नानासोंनी, एक्कावन्न वर्षांत प्रथमच, सांगितले. विलायतेहून दुसरा डबा येणे शक्य नव्हते. लिलावात निघालेल्या एका देशी मोटारीचा मिळाला, तो त्यांनी बसवला. पण त्याचा दांडा अर्धे सूत आखूड पडत होता. तेव्हा रविवारी, वर्कशॉप बंद असताना, कोणाला न विचारता, सरकारी लेथवर त्यांनी इंजिनाची पाटी अर्धे सूत घासून घेतली. उभ्या नोकरीत सरकारच्या विजेचा एवढाच अपहार त्यांच्या हातून घडला. डब्यावरचा नंबर कानशीने काढला, आणि कोणी विचारू नये म्हणून गाडीला कोणाचा हात लागू द्यायचा नाही असे ठरवले. गाडी पहिल्यापासून मूळ आहे, हे इतक्या लोकांना इतक्या वेळा सांगितले की, मधली काही वर्षे त्यांना स्वतःलाही ते खरे वाटू लागले होते.

"आन् दुसरा गिअर?" मुलीने विचारले.

"त्यो डबा आला तवापास्नंच सुटत हुता. भंगारच त्ये."

कृष्णातरावांनी माळ्याकडे पाहिले. तेथे ते भंगार वडिलांच्या धोतरात, चिठ्ठीसह, प्रतिष्ठित झालेले होते. राजरत्नांशी घातलेला एकेक वाद त्यांना क्रमाने आठवला. आयुष्यात प्रथमच नकाशा बरोबर होता, जमीनही बरोबर होती, आणि चूक त्यांची होती.  त्या दुपारी ते आपण होऊन टंकलेखकाकडे गेले आणि "मूळ" हा शब्द सर्व ठिकाणांहून काढून नवे प्रतिज्ञापत्र करून आणले. नानासोंनी त्यावर सही केली, आणि वर विचारले की सरकारी विजेचे यात कोठे लिहायचे. रकाना नाही, असे कृष्णातराव म्हणाले. हे वाक्य उच्चारताना त्यांना काही त्रास झाला नाही, याचे त्यांनाच आश्चर्य वाटले.

अंकितामॅडमनी कागद घेतला, आणखी काही जोडलेले नाही ना याची दोनदा खात्री केली, आणि नोंदणी झाली.

निघण्याच्या सकाळी नानासोंनी सदऱ्याखाली हात घातला आणि किल्ली सोडू लागले. गाठ सुटेना. इतक्या वर्षांच्या घामाने, तेलाने आणि पाण्याने तिचा दगड झाला होता. प्रियदर्शनीबाई कात्री घेऊन आल्या, तशी धोंडीबांनी कुंपणावरून हाक मारून त्यांना अडवले. जित्या माणसाचा करगोटा कापत नाहीत, हे बाईमाणसाला कळू नये काय, असे ते म्हणाले. मग कृष्णातराव दाभण घेऊन सासऱ्यांपुढे जमिनीवर मांडी घालून बसले. नानासो सदरा वर धरून उभे. छत्तीस वर्षे मोजणीच्या साखळीचे गुंते ज्या चिकाटीने सोडवले होते, त्याच चिकाटीने त्यांनी एकेक धागा ढिला केला. यात अर्धा तास गेला. गाठ सुटली तेव्हा किल्ली आपल्या वजनानेच खाली आली आणि त्यांच्या तळहातावर पडली. ती ऊबदार होती.

गाडी दोघांची असल्यामुळे प्रियदर्शनीबाई आपल्या शपथेप्रमाणे यष्टीने गेल्या, आणि धोंडीबा त्यांच्या सोबतीला म्हणून, म्हणजे वस्तुतः चालकाला सूचना देण्यासाठी, गेले. दोघे पाऊण तास आधी पोचले, हे त्यांनी पुढे अनेकांना सांगितले.

पाटणच्या पुढे चढ लागला. कृष्णातरावांनी दुसरा गिअर टाकला, आणि त्याच क्षणी नानासोंचा हात डावीकडून येऊन त्यांच्या हातावर बसला व गोळा घट्ट दाबून राहिला. इतकी वर्षे त्यांनी तो गिअर असाच धरून गाडी घाटावर चढवली होती. गिअर आता सुटत नाही, हे कृष्णातराव सांगणार होते. सांगितले नाही. वळणामागून वळण गेले; दोन हात एकावर एक तसेच राहिले आणि गाडी चढत गेली.

चढ संपला आणि कोयनेच्या कडेने रस्ता सरळ झाला. चौथा पडला. नानासोंनी हात काढून घेतला, टोपी नीट केली आणि पुढे पाहत म्हणाले, "पाचवा टाका."

"तुम्हाला कधी सापडला, मामा?"

"पयल्याच दिवशी."

कृष्णातरावांनी गोळ्याकडे पाहिले. त्यावर चारच आकडे होते. त्यांनी दांडा उजवीकडे सारला आणि नकाशावर नसलेल्या जागेत सावकाश पुढे ढकलला.